न मोजलेला हंगाम

"गुडघा टेबलावर ठेवू का, मॅडम?" शौकत नायकवडीने विचारले.

"कागद पुरेसे आहेत," मी म्हणाले.

"न्हाई, कागदावर त्यो लईच गरीब दिसालाय, म्हणून म्हटलं."

आणि परवानगीची वाट न पाहता त्याने पँट वर सरकवून उजवा पाय टेबलावर, इतिवृत्ताच्या वहीशेजारी ठेवला. डॉ. शिरगावकरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि गुडघ्यावरच्या लांब शिवणीवरून, कापडाचा पोत पाहावा तसा, अंगठा फिरवला.

"उत्तम काम झालंय. कोणी केलं?"

"तुमीच की ओ, डॉक्टर."

"तरीच," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुन्हा कपाळावर गेला.

हे एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरातले. कोल्हापूर आणि आसपासच्या कॉलेजांचे खेळ चालवणारे एक मंडळ तेव्हा होते, आणि कोणत्या खेळाडूने कोणत्या वर्षी खेळावे हे ठरवायला त्या मंडळाची तीन माणसांची पात्रता समिती होती. समितीची अध्यक्ष "कोणत्याही खेळात रस नसलेली व्यक्ती" असावी, असे मंडळाच्या घटनेत लिहिले होते. मी मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवीत असे. मीमांसा माझा विषय. म्हणजे विधिवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे शास्त्र. मध्यंतरानंतर फुटबॉलचे संघ बाजू बदलतात, ही माहिती मला त्याच वर्षी झाली होती. घटनेतली अट माझ्याइतकी कोणीच पूर्ण केली नसेल.

दुसरे सदस्य अस्थिरोगतज्ज्ञ शिरगावकर. तिसरे मंडळाचे सचिव, प्रा. हेरवाडकर. ते एका कॉलेजचे क्रीडा संचालक होते आणि एकोणीस वर्षे सचिवपदावर होते. नियमावली बहुतांशी त्यांच्याच हातची. एखादा गृहस्थ आपल्या मुलांविषयी बोलतो तसे ते नियमांविषयी बोलत: चारचौघांत शिस्तीचे कौतुक, घरात सूट.

समितीची खोली मैदानाच्या गॅलरीखाली होती. वरच्या पायऱ्यांमुळे तिचे छत एका बाजूला उतरत गेलेले, आणि त्या बाजूला नेहमी अर्जदाराची खुर्ची. शौकत सहा फुटांच्या आसपास होता. तो मान वाकडी करूनच बसला होता, त्यामुळे प्रत्येक उत्तर देताना तो नम्र आहे असा भास होई.

"नियम अकरा," हेरवाडकरांनी सुरुवात केली. "एका खेळाडूला कॉलेजकडून चार हंगाम. दुखापतीमुळे एखादा हंगाम संपूर्ण बुडाला, तर तो मोजायचा नाही. परंतु त्या हंगामात खेळाडू एका जरी सामन्यात, एक मिनिट जरी मैदानात उतरला, तर तो हंगाम पूर्ण मोजायचा. बरोबर, मॅडम?"

"बरोबर."

"यांचे तीन हंगाम खेळून झाले. चौथ्याच्या आधी, ऑगस्टात, सरावात गुडघा गेला; शस्त्रक्रिया डिसेंबरात. त्यांचं म्हणणं, तो चौथा मोजू नये आणि यंदा खेळू द्यावं. आता हा अंतिम सामन्याचा पंचांचा अहवाल." त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "नव्वदावे मिनिट. सात नंबर सरनाईक याच्या जागी चौदा नंबर नायकवडी." कागद खाली ठेवून त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "संपलं."

"एक मिनिट बी नव्हतं, सर," शौकत म्हणाला. "पंचांनी शिट्टी तोंडात धरलीवती."

"उतरला होतास की नाही?"

"उतरलो न्हाई. उतरवलं. मी कुबड्यांवर हुतो."

डॉक्टरांचा चष्मा पुन्हा खाली आला. "कुबड्यांवर? माझा पेशंट कुबड्या घेऊन फायनल खेळला?"

"खेळताना नव्हत्या, डॉक्टर. एक कुबडी मॅनेजरकडं दिलीवती आणि एक कीपरकडं."

"पण कशासाठी?" मी विचारले.

शौकत पहिल्यांदा थोडा लाजला. "फोटोसाठी, मॅडम."

त्यांच्या कॉलेजात एक रिवाज होता. चषक जिंकला की संघाचे छायाचित्र काढून ते मुख्य जिन्याच्या भिंतीवर लावत. मात्र त्यात उभे राहण्याचा मान फक्त अंतिम सामन्यात मैदानात उतरलेल्यांनाच. राखीव खेळाडू, मॅनेजर, प्राचार्यसुद्धा नाहीत. अकरा वर्षांनी चषक येत होता. शौकतने तीन वर्षे त्या संघाची मधली फळी सांभाळली होती. तो भिंतीवर नसेल, हे पोरांना सहन होईना. एक-शून्य असताना शेवटच्या मिनिटाला त्यांनी त्याला उचलून आत नेले, पायाजवळ चेंडू दिला, त्याने डाव्या पायाने तो ढकलला आणि शिट्टी झाली. त्या प्रेमापायी पोरांनी त्याचे एक वर्ष खर्चून टाकले होते, आणि त्यांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

"सात महिने सायकलची ट्यूब पायाला बांधून वढतोय, मॅडम," शौकत म्हणाला. "रोज पाटं रंकाळ्याला चक्कर. पहिल्या महिन्यात एका चक्करला दोन तास लागायचं. म्हाताऱ्या बायका मला मागं टाकून जायच्या, वर विचारायच्या, 'काय रं, संधिवात हाय व्हय?'"

तो हसला. पण अर्जात काय लिहिले होते ते मी वाचले होते. जानेवारीत विभागीय स्पर्धा. तिथूनच एका सरकारी खात्याचा संघ निवडला जाई, आणि तिथे फक्त कॉलेजचे खेळाडू चालत. शौकत बावीस वर्षांचा होता. हा हंगाम मिळाला नाही तर रविवारी पेठेच्या संघातून खेळायचे आणि बाकीचे सहा दिवस वडिलांचा टेम्पो चालवायचा. खेळाडू म्हणून जे काही व्हायचे ते याच हंगामात.

"सहानुभूती आहे," हेरवाडकर म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. भावनेसाठी आपल्या नियमावलीत कलम नाही. शिवाय सूट द्यायला तिघांचं एकमत लागतं, आणि माझं मत मी सांगितलं."

आदल्याच वर्षीच्या फायलीत त्यांच्या स्वतःच्या कॉलेजचा एक गोलकीपर होता. त्याचा हंगाम नायट्यावर माफ झाला होता. "हातमोजे घालण्यास असमर्थ" असा दाखला होता, आणि ज्या महिन्यात तो असमर्थ होता त्याच महिन्यात त्याने क्रिकेटच्या संघात यष्टिरक्षण केले होते. ती फाईल मी पाहिली होती. मी इतिवृत्त लिहीत राहिले. राग आला की माझे अक्षर सुधारते. त्या दिवशीचे इतिवृत्त आजही छापल्यासारखे दिसेल.

"निर्णय सात दिवसांनी," मी लिहिले आणि वही मिटली.

खोलीबाहेर शौकत थांबला होता. मान आता सरळ झाली होती आणि नम्रताही कमी.

"मॅडम, खरं सांगा. जमंल?"

"नियम जसा आहे तसा वाचला, तर नाही."

"मग कसा वाचणार तुमी?"

"पूर्ण," मी म्हणाले.

मंडळाने छापलेले दोन ग्रंथ होते: एक नियमावली, दुसरे सामना-नियमांचे अठ्ठेचाळीस पानी पुस्तक, पिन गंजलेले. ते दुसरे गेल्या काही वर्षांत कोणी उघडले असेल असे दिसत नव्हते. मी ते ग्रंथ वाचावा तसे वाचले, म्हणजे समासात टिपणे करीत, दोनदा. तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने मी त्यांच्या सरावाच्या मैदानावर गेले. नऊवारीतली एखादी बाई मैदानात शिरली असती तरी तेवढी शांतता झाली नसती. माझ्या हातात पुस्तक होते.

संघाचा कर्णधार संग्राम सरनाईक, तोच सात नंबर, धावत आला. "बसा की, मॅडम. ए, मॅडमना बाक आण रं. च्या घेणार?"

"फायनलचं शेवटचं मिनिट मला सांगा. काही न वगळता."

मग काय विचारता! बारा जण एकदम बोलू लागले. कीपर बंडा कांबळे उभा राहून हातवारे करू लागला.

"सांगतो की. पाटी वर गेली, सात खाली, चौदा वर. शौक्या लाईनीवर कुबडीवर हुबा. गॅलरी आरडालीया, 'शौक्या, शौक्या!' संग्राम पळत त्याच्याकडं गेला—"

"म्हटलं, चल भावा," संग्राम म्हणाला. "तर ह्यो म्हणतोय, पाऊल टेकवत न्हाई."

"टेकवत नव्हतं तर काय करू? डॉक्टरांनी पाय कापला असता!" शौकत म्हणाला.

"मग?"

"मग काय, घेतला खांद्यावर आणि नेला मधी. सेंटरजवळ ठेवला बघा फुलदाणीगत. नित्यानं चेंडू दिला, ह्यानं टच केला, शिट्टी!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आठ महिन्यांनंतरही.

"खांद्यावर कोणी घेतला?" मी विचारले.

"मीच की."

"म्हणजे सात नंबरने."

"व्हय."

"तू मैदानाबाहेर कधी गेलास?"

"आँ?"

"तुझ्या जागी तो आत आला ना? मग तू बाहेर कधी गेलास?"

संग्रामने तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. बंडा कांबळेने हळूच खाली बसून घेतले.

"गेलोच न्हाई की ओ," संग्राम म्हणाला. "मी बाहीर गेलो असतो तर ह्याला उचललं कुणी असतं?"

मी पुस्तक उघडले आणि वाचून दाखवले. बदली खेळाडूने, आधीचा खेळाडू मैदानाबाहेर गेल्यानंतरच आत यावे. तोवर बदल पूर्ण झाला असे समजू नये, आणि तशा प्रकारे आत आलेल्याला खेळाडू मानू नये.

"म्हणजे मी खेळाडू नव्हतो?" शौकतने विचारले.

"नव्हतास."

"मग कोण हुतो?"

"पुस्तकाच्या दृष्टीने? मैदानात शिरलेलं कुत्रं, प्रेक्षक किंवा फुगा, या वर्गातलं काहीतरी."

हे ऐकून संघ जो हसत सुटला तो आवरेना. "फुगा! शौक्या फुगा!" शौकतने दोघांना लाथा घातल्या, उजव्या पायानेच. बरा झाला होता तो पाय, यात शंका नव्हती.

"हे तुम्ही समितीला लिहून दिलंत," मी म्हणाले, "तर तो मैदानात खेळाडू म्हणून उतरलाच नाही असं ठरेल, आणि त्याचा हंगाम मोजला जाणार नाही. पण त्याबरोबर दुसरंही ठरेल. शेवटच्या मिनिटाला मैदानात तुम्ही बारा जण होता. आणि बारा जण उतरवणाऱ्या संघाचा सामना नियम सव्वीसप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला द्यायचा असतो."

हसणे थांबले. प्रतिस्पर्धी म्हणजे पिवळे, हेरवाडकरांच्या कॉलेजचा संघ. हे निळे.

"कप जाणार," नित्या म्हणाला.

"फोटो बी काढावा लागंल भिंतीवरचा," बंडा म्हणाला.

शौकत उठला. "न्हाई. मॅडम, अर्ज मागं घेतो. अकरा वर्षांनी आलाय कप. माझ्यापायी न्हाई."

"तू गप बस," संग्राम म्हणाला. "तुला कुणी विचारलं? तू फुगा हाईस." मग माझ्याकडे वळून, "कागद हाय का, मॅडम? आणि पेन?"

"घरी विचारा. कॉलेजमध्ये विचारा. चार दिवस आहेत."

"कशाला? वरीस आमीच खाल्लं त्याचं. कप काय, फुडल्या साली परत आणू. बंड्या, तुझं अक्षर बरं हाय, लिव्ह."

"माझं?" बंडा म्हणाला. "मला नायटा झालाय."

ही गोष्ट गावभर झाली होती तर! बंड्याने माझ्या पुस्तकाच्या पाठीवर कागद ठेवून लिहिले, आणि अकरा जणांनी ओळीने सह्या केल्या. शौकतने मात्र केली नाही. तो गोलपोस्टपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

सातव्या दिवशी समिती बसली. मी निवेदन वाचून दाखवले.

"बनाव," हेरवाडकर म्हणाले. "आता काहीही सांगतील. पुरावा काय?"

मी छायाचित्र पुढे सरकवले. एका स्थानिक दैनिकाच्या छायाचित्रकाराने गॅलरीतून काढलेले: सात नंबरच्या खांद्यावर चौदा नंबर, हात पसरलेले, आणि कोपऱ्यात एक पिवळा खेळाडू चेंडू मारायच्या बेतात. म्हणजे खेळ चालू. हेरवाडकरांनी पेनचे टोपण काढले आणि त्याने एकेक निळा सदरा टिपत मोजू लागले.

"आठ... नऊ... हा गोलकीपर, दहा... अकरा..." टोपण खांद्यावरच्या शौकतवर येऊन थांबले. "बारा."

त्यांनी पुन्हा मोजले. या वेळी मोठ्याने, आणि आवाजात एक नवाच गोडवा होता. "बारा! मॅडम, बारा आहेत!"

"असं दिसतं खरं."

नियम सव्वीस त्यांच्याच हातचा होता. तो त्यांना आठवला, तो क्षण मला नेमका दिसला; कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. त्यांच्या कॉलेजच्या कपाटात त्या चषकासाठी ठेवलेली जागा आठ महिने रिकामी होती.

"शेवटी मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "आपण इतकं कठोर होऊन चालणार नाही. कायद्यालाही हृदय असतं, मॅडम."

"हेरवाडकर, बरं वाटतंय ना तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारले. "नाडी बघू का?"

"ठराव मीच सांगतो, तुम्ही लिहून घ्या. 'सदर बदल पूर्ण झालेला नव्हता. सबब श्री. नायकवडी हे सदर सामन्यात, व म्हणून सदर हंगामात, खेळाडू म्हणून मैदानात उतरलेले नाहीत. त्यांचा सदर हंगाम मोजण्यात येऊ नये. एकमताने मंजूर.'"

मी लिहिले. अक्षर त्या दिवशीही चांगले आले. तिघांच्या सह्या झाल्या. हेरवाडकरांची सर्वांत आधी. शाई वाळायच्या आत त्यांनी पिशवीतून कॉलेजचे पत्रशीर्ष काढले, चार ओळी लिहिल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. अंतिम सामन्याच्या निकालास हरकत. प्रतिस्पर्धी संघाचे बारा खेळाडू. चषक परत मिळावा.

मी ते सावकाश वाचले. मग नियमावली उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि नियम सत्ताविसावर बोट ठेवले.

"वाचता का?"

त्यांनी वाचले नाही. म्हणून मी वाचले. "'निकालावरील हरकत सामना संपल्यापासून चोवीस तासांच्या आत लेखी द्यावी. उशिरा आलेली हरकत, कारण काहीही असो, स्वीकारू नये.'"

"पण हे आत्ता उघड झालं! आत्ता, या टेबलावर!"

"'कारण काहीही असो,'" मी म्हणाले. "एकोणीसशे एक्क्याण्णवची दुरुस्ती. सूचक, प्रा. हेरवाडकर."

डॉ. शिरगावकर हसू लागले. आधी खांदे, मग खुर्ची, मग टेबलही. त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शस्त्रक्रियेत यायला हवं होतं. भूल न देता करता."

हेरवाडकर तडक उठले आणि छताच्या उतरत्या बाजूने निघाले. डोके आपटलेच.

मी बाहेर आले ती विजयाच्या नशेत. ते कबूल करायला हवे. त्या माणसाच्या नियमाने त्याच माणसाला बांधले होते. हंगाम राखला होता आणि चषकही. गॅलरीच्या पायऱ्यांवर निळा संघ बसला होता. मध्ये टॉवेलवर चषक, त्याला झेंडूचा हार. ते तो द्यायला घेऊन आले होते.

"शौकत खेळणार," मी म्हणाले.

आरोळी उठली. शौकत मात्र उठला नाही. पायरीवरच बसून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. संग्रामने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चषक उचलला. "द्या, मॅडम. कुठं ठेवायचा?"

"घरी न्या. चषक तुमचाच राहतो." आणि मी त्यांना सत्ताविसावा नियम सांगितला, हेरवाडकरांच्या चेहऱ्यासकट. मला वाटले, ते मला खांद्यावर घेतील.

संग्रामने चषक पुन्हा टॉवेलवर ठेवला.

"ही मुदतीची भानगड तुमाला आदी ठाऊक हुती?" संग्रामने विचारले. "मैदानावर आलावता तवा?"

"होती."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्हाला कळलं असतं तर ते तुमच्या चेहऱ्यांवर दिसलं असतं. त्यांना संशय आला असता. सही झाली नसती."

"ते बरोबर हाय," बंडा म्हणाला. "संग्रामला खोटं बोलताना कान लाल होत्यात."

मी मैदानावर त्यांना सांगितलेले प्रत्येक वाक्य खरे होते. एक वाक्य सांगितले नव्हते, एवढेच. ग्रंथ पूर्ण वाचावा म्हणणारी मी. पोरांना मात्र अर्धाच वाचून दाखवला होता.

"म्हंजे आमी फुकटच दिलदार झालो," नित्या म्हणाला आणि दोघेतिघे हसले.

संग्राम हसला नाही. तो चषकाकडे पाहत होता. "मॅडम, राग मानू नका. तुमी लई केलं. पण आमी कप दिलावता. सही करून. आता न्हाई दिला म्हटलं तर ते कसं व्हतंय?"

"तुम्हाला तो देण्याची काहीही गरज नाही. नियमाने तो तुमचा आहे."

"व्हय की. नियमानं." त्याने चषक टॉवेलात गुंडाळला. "पण बारा जण हुतो ओ आमी. आता सगळ्यांनी मोजल्यात."

मीमांसेत याला उत्तर होते; मी नियमावली पिशवीत टाकली.

पाच मोटरसायकलींवर बारा जण आणि एक चषक निघाले. मी मागून रिक्षा केली. मला जायचे काहीच कारण नव्हते. पिवळ्यांचे कॉलेज दोन चौकांवर. त्यांचा कर्णधार विनायक खाडे कँटीनसमोर वडा खात उभा होता. निळा संघ फाटकातून आत येताना पाहून त्याने वडा खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"भांडायला न्हाई आलो," संग्राम म्हणाला. "ह्यो घे."

खाडेने टॉवेल सोडला, चषक पाहिला, हार पाहिला. संग्रामने जे झाले ते चार वाक्यांत सांगितले. पिवळे गोळा झाले होते. मागे, पहिल्या मजल्याच्या कठड्याशी हेरवाडकर, कपाळाला हळदीचा की कशाचा लेप.

"घे रे! घे तो!" ते वरून ओरडले.

खाडेने वर पाहिले, मग संग्रामकडे. "म्हंजे तुमी आमाला बारा जणांनी हरवलं?"

"शेवटचं अर्धं मिनिट."

"आणि त्यातला एक लंगडा."

"व्हय."

"मग अकरा जणांनी हरवून दाव की," खाडे म्हणाला. "असला टॉवेलातला कप आमाला नको. ऐतवारी सकाळी आठला. जो जिंकंल त्याचा. आणि तुझा फुगा बी आण."

फुग्याची बातमी आमच्या आधी तिथे पोहोचली होती. कोल्हापुरात पोहोचतेच.

हंगाम एक ऑक्टोबरला सुरू होत होता. रविवार सत्तावीस सप्टेंबरला होता. म्हणजे हा सामना कोणाच्याही कोणत्याही हंगामात मोजला जाणार नव्हता. मी ते दोनदा तपासले. डॉक्टरांनी शौकतचा गुडघा तपासला आणि म्हणाले, "माझ्या दोन्हींपेक्षा बरा आहे."

रविवारी साडेसातला गॅलरी भरली होती. मंडळाची परवानगी नाही, पत्रक नाही, पंच म्हणून एक निवृत्त पोस्टमन. मी आयुष्यातला पहिला फुटबॉलचा सामना पाहिला. डॉ. शिरगावकर शेजारी, दोन ओळी खाली हेरवाडकर, पिवळा रुमाल गळ्यात. शौकत पहिल्या मिनिटापासून खेळला. सुरुवातीची दहा मिनिटे तो प्रत्येक झेपेआधी क्षणभर थांबे, पाण्याचा अंदाज घेतल्यासारखा. मग ते थांबणे गेले. मध्यंतराच्या थोडे आधी त्याने तिघांमधून चेंडू काढून नित्याला दिला आणि नित्याने गोल केला. काय झाले ते मला नीट कळले नाही, पण मी उभी होते, आणि माझ्या हातातली छत्री हेरवाडकरांच्या खांद्याला लागली होती.

"मॅडम!" ते म्हणाले.

"क्षमा करा," मी म्हणाले, आणि पुन्हा लागली.

उत्तरार्धात खाडेने दोन गोल केले. दुसरा माझ्या मते ऑफसाइड होता. पुस्तकाचे पान एकोणीस. मी ते पोस्टमनला पुरेशा मोठ्याने सांगितले. त्याने ऐकले नाही. शेवटची शिट्टी झाली. दोन-एक. पिवळे जिंकले.

चषक शौकतनेच उचलून खाडेच्या हाती दिला. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर असे धपाटे घातले की चिखल उडाला. मग तो गॅलरीकडे आला, चिखलाने माखलेला, उजव्या गुडघ्यावर ताजे खरचटलेले, घामाने चेहरा चकाकत असलेला. मी शब्द जुळवत होते. सांत्वनाचे माझ्याकडे बरेच असतात, बहुतेक संस्कृतात.

"हरलो, मॅडम," तो म्हणाला.

"दिसलं मला."

"लई वाईट हरलो." आणि त्याला हसू आवरेना. कठड्याला धरून, डोके मागे टाकून तो हसत राहिला. "पण काय बी झालं न्हाई की! अजून आख्खा हंगाम पडलाय!"

खालून खाडे ओरडला, "ए शौक्या, मिसळ खायाला येतोस का हितंच ऱ्हातोस?"

"आलो, आलो!" शौकत म्हणाला. त्याने दोन पायऱ्या एकदम ओलांडल्या, तिसऱ्यावर उडी मारली आणि ज्यांनी त्याला हरवले होते त्यांच्या मागे धावत सुटला.